गुरुवारच्या नोंदी

आरफाला त्या दिवशी सकाळपासून मान वळवता येत नव्हती. अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसून पडद्याकडे बघणाऱ्या माणसाची मान कधी ना कधी धरणारच, असं तिची आई आमिना म्हणाली आणि तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी तिच्या हातात दिली. ती ओढणीखाली मानेला दाबून धरत आरफा जुन्नरच्या बाजारपेठेतल्या गल्लीत शिरली, मोहनलाल शेठच्या कापडदुकानाशेजारचा अरुंद जिना चढली आणि ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन बसली.

ट्रस्ट मोहनलाल शेठनं आईच्या नावानं काढलेला. उगमबाई आरोग्य ट्रस्ट. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या सहा गावांत त्याची आरोग्य केंद्रं होती. केंद्र म्हणजे काय, तर एक खोली, एक सिस्टर, एक मदतनीस, बीपी-शुगरच्या गोळ्यांचं कपाट आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे. कोण आलं, काय दुखतं म्हणालं, बीपी किती निघालं, कुठली गोळी दिली, ते सगळं त्या कॉम्प्युटरात भरायचं. आणि ते सहाही कॉम्प्युटर धड चालतायत ना, त्यातल्या नोंदींची रोज जुन्नरला नक्कल येतेय ना, हे बघायचं काम आरफाचं.

एवढ्या वर्षांत त्या सहापैकी एकाही केंद्राची पायरी ती चढली नव्हती. गरजच पडली नाही. जुन्नरच्या खुर्चीत बसून ती नेटवरून त्या मशीनमध्ये शिरायची. शिरायच्या दोन तऱ्हा होत्या. एक काळी खिडकी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, त्यात ती हुकूम टाइप करायची आणि पन्नास-साठ किलोमीटरवरचं मशीन निमूटपणे ते काम करायचं. समोर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागायचा नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे रिमोट घेणं. मग तिकडचा अख्खा पडदा तिच्यापुढे उघडायचा, आणि तिनं इथं माउस हलवला की तिथल्या पडद्यावरचा बाण हलायचा.

या बाणापायीच तिची सोनीबाईशी ओळख झाली होती.

सोनीबाई डिंभ्याच्या केंद्रातली मदतनीस. झाडलोट करायची, दर गुरुवारी डॉक्टर आले की पेशंटांना रांगेत बसवायची, सिस्टरच्या हाताखाली बीपीचा पट्टा बांधायची. नऊ वर्षांपूर्वी एकदा तिथली सिस्टर बाहेर गेली असताना आरफानं काहीतरी दुरुस्त करायला रिमोट घेतला. सोनीबाई टेबल पुसत होती. कुणाचा हात न लागता बाण आपोआप फिरतोय, खिडक्या उघडतायत, मिटतायत, हे बघून ती फडकं तिथंच टाकून बाहेर पळाली आणि मशीनच्या अंगात वारं आलंय म्हणून तिनं सिस्टरला ओढत आणलं. सिस्टर हसून बेजार झाली. तिनं फोन लावून दिला, आणि आरफानं सोनीबाईला समजावून सांगितलं की मावशी, तो बाण मी हलवतेय, जुन्नरहून.

सोनीबाईनं ते डोक्यात ठेवलं. पुढे सिस्टर बदलत गेल्या, कुणी आठ महिने टिकली, कुणी तीन. सोनीबाई मात्र गावचीच, ती कुठं जाणार? नोंदी भरायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली. आरफानं पडद्यावर एक कोरं पान उघडून ठेवायची सवय लावली. त्यात आरफा एक शब्द लिहायची, खाली सोनीबाई तोच शब्द शोधून शोधून बडवायची. सहा महिन्यांत ती वाक्यं लिहायला लागली. मग त्याच पानावर दोघींचं बोलणं सुरू झालं. प्रिंटर अडलाय, लाइट गेली व्हती, सुनंला मुलगी झाली, तुमच्याकडं पाऊस हाय का. फोनवर बोलायची सोनीबाईला भीड वाटायची. पानावर ती मोकळी व्हायची. नऊ वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

या मार्चमध्ये ट्रस्टनं हात आखडता घेतला. मोहनलाल शेठ थकले होते आणि कारभार नातवाकडे, पीयूषकडे आला होता. पीयूष काही वाईट माणूस नव्हता. दोन केंद्रं बंद करावी लागणार हे आरफाला सांगताना तो टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. डिंभ्याचं केंद्र पंधरा तारखेला बंद झालं. सिस्टरची बदली, औषधं परत, सोनीबाईला रजा, किल्ली जमा. तिथला कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचा होता, म्हणून त्यातल्या नोंदी पुण्याच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर चढवायच्या आणि मग मशीन पार पुसून कोरं करायचं. लोकांची दुखणीखुपणी भलत्याच्या हाती पडू नयेत, हे बरोबरच होतं. पुसायचं काम अर्थात आरफाचं. मशीन त्यासाठी चालूच ठेवलेलं. काळ्या खिडकीतून, जुन्नरहून. जायची गरज नाही.

सोमवारी तिनं नोंदींची नक्कल घेतली. चार हजार आठशे बासष्ट नोंदी. पुण्याच्या कंपनीनं त्या चढवून घेतल्या आणि कळवलं की सगळं आलं, फक्त ‘शेरा’ हा रकाना आमच्याकडे नाही, तो सोडून दिला आहे. आरफानं ते पत्र वाचलं आणि बाजूला सारलं. तिला खरंच काही वाटलं नाही. गेले कित्येक महिने तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. जूनमध्ये तिचं स्वतःचं काँट्रॅक्ट संपत होतं. ते वाढेल असं कुणी म्हणालं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

आणि आज, गुरुवारी, मानेला मिठाची पुरचुंडी धरून ती डिंभ्याचं मशीन पुसायला बसली होती.

दुपारचे अडीच वाजून गेले होते. काळी खिडकी उघडून तिनं आत प्रवेश केला. पुसण्याआधी एकदा मोजदाद करायची तिची शिस्त होती, तेवढी ती या थकव्यातही सुटली नव्हती. तिनं नोंदी मोजायचा हुकूम दिला.

चार हजार आठशे एकोणसत्तर.

सात जास्त. सोमवारी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा हुकूम दिला.

चार हजार आठशे सत्तर.

आरफानं पुरचुंडी खाली ठेवली. कुलूपबंद खोलीतल्या मशीनमध्ये, तिच्या डोळ्यांदेखत, एक नोंद वाढली होती. तिनं शेवटची नोंद उघडली. लंकाबाई, वय सदुसष्ट, बीपी एकशे साठ-नव्वद. वेळ आजची, दोन मिनिटांपूर्वीची. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘चढ चढून आली. अर्धा तास बसवून मंग बघितलं.’

तिनं घाईनं रिमोट घेतला. डिंभ्याचा पडदा समोर उघडला. नवी नोंद भरायचा फॉर्म उघडा होता आणि त्यावर बाण हलत होता. हळू, अडखळत, एकेका चौकटीवर थांबत. आरफाला काय सुचलं कोण जाणे, तिनं आपला माउस धरून तो बाण मागे ओढला. तिकडून तो पुढे ओढला गेला. दोन्हीकडून ओढ बसून बाण पडद्याच्या मधोमध थरथरत राहिला. मग आरफानंच हात काढून घेतला.

बाण सावकाश खाली गेला. कोरं पान उघडलं. एकेक अक्षर उमटायला लागलं.

‘बाई तुमी हाय का’

‘हो,’ आरफानं लिहिलं. ‘सोनीबाई, तुम्ही तिथं कशा? केंद्र बंद झालं ना?’

बराच वेळ काही आलं नाही. सोनीबाई अक्षरं शोधत असणार.

‘व्हय झालं. पन आज गुरुवार हाय. लोक येत्यात’

‘आत कशा गेलात?’

‘किल्ल्या दोन व्हत्या. एक दिली’

आरफानं विचारलं, औषधं आहेत का? नाय, असं उत्तर आलं. पट्टा हाय. बीपी बघते आन लिवते. गेल्या गुरुवारी पन आले व्हते.

गोळ्या नाहीत, डॉक्टर नाहीत, सिस्टर नाही; नुसतं बघून लिहायचं कशाला, असं आरफाच्या मनात आलं. पण तिनं ते लिहिलं नाही. तेवढ्यात पानावर पुढची ओळ उमटली.

‘तुमी पुसाया आल्या का’

खाली दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं, त्याचा चर्र आवाज जिन्यातून वर आला. खोटं लिहिणं सोपं होतं. तिनं ‘हो’ लिहिलं.

‘मंग चार जन बसल्यात त्यांचं व्हऊ द्या’

एवढंच. रागाचा शब्द नाही, विनवणी नाही. आरफानं ‘बरं’ लिहिलं आणि ती बघत बसली. फॉर्म उघडला. पहिल्याचं नाव, वय, आकडा. मग बराच वेळ पडदा स्थिर. दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत असेल. मग दुसरं नाव. चार माणसांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आरफानं दुसरं काही काम केलं नाही, फोन दोनदा वाजला तो उचलला नाही. चौथ्याची नोंद झाल्यावर पान पुन्हा वर आलं.

‘झालं. आता पुसा’

आरफानं लिहिलं, ‘आज नाही. उद्या मी तिकडे येते.’

‘रोजच येता की’

‘तशी नाही. एसटीनं येते.’

थोड्या वेळानं पान बंद झालं.

त्या संध्याकाळी ऑफिसातून निघण्यापूर्वी तिनं शेऱ्याचा तो रकाना पहिल्यांदाच वरपासून वाचायला घेतला. नऊ वर्षांचा. ‘गोळी अर्धी खाती अर्धी बहिनीला देती.’ ‘नवरा गेल्यापासून जेवत नाय म्हनून चक्कर.’ ‘लाल गोळीनं अंगावर पुरळ आलं. देऊ नका.’ ‘व्हडी चुकली म्हनून मागच्या येळी आला नाय.’ पुण्याच्या कंपनीकडे याला जागा नव्हती. उद्या मशीन आणि जुन्नरची नक्कल पुसली की हे कुठंच राहणार नव्हतं. आणि कंपनीच्या सर्व्हरवर गेलेले आकडे बघायला डिंभ्याच्या माणसाला कुठला पासवर्ड कोण देणार होतं?

तिनं पीयूषला फोन केला. आपण उद्या डिंभ्याला जातोय, मशीन तिथं बसूनच पुसू. पण त्याआधी प्रत्येक पेशंटचा कागद काढून ज्याचा त्याला देऊ, असं सांगितलं. ऑफिसातली कागदाची दोन रिमं आणि एक कार्ट्रिज नेतेय, हेही सांगितलं. सोनीबाईच्या दुसऱ्या किल्लीबद्दल मात्र बोलली नाही. पीयूष म्हणाला, “ताई, हे कोणी सांगितलेलं नाहीये आपल्याला.”

“नाही सांगितलेलं,” आरफा म्हणाली. “पण ज्याचं दुखणं त्याच्या हातात द्यायला काय हरकत आहे, भाऊ?”

त्यानं सुस्कारा टाकला. तोही दिवसभर कुणाकुणाला नाही म्हणून दमला असावा. बघा, पण सोमवारी शाळेची गाडी मशीन न्यायला येणार, तेवढं सांभाळा, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी ती पहाटेच्या गाडीनं निघाली. नारायणगावला गाडी बदलली, मंचरला बदलली, घोडेगावात तासभर ताटकळली. डिंभ्याची गाडी येईल की नाही हे कंट्रोलरलाही सांगता येत नव्हतं. शेवटी एक जीप मिळाली. मांडीवर कागदाची रिमं, पायाशी पिशवी, मान आखडलेली. ज्या मशीनमध्ये ती रोज एका क्षणात पोचायची, तिथं पोचायला तिला साडेचार तास लागले.

केंद्राच्या पायरीवर एक बारकी, काळीसावळी, नऊवारी नेसलेली बाई बसली होती. केस बरेचसे पांढरे. आरफाच्या मनात कोण जाणे का, एक धिप्पाड बाई होती. आरफा जवळ गेली तशी ती उठली, पदर सारखा केला आणि तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. दोघींनाही पटकन बोलायला सुचेना. पानावर लिहायची सवय. तोंडानं काय बोलायचं?

“लई उशीर झाला,” सोनीबाई शेवटी म्हणाली. “च्या गार झाला.”

आत गेल्यावर आरफानं ती खोली पाहिली. पडद्याच्या मागे एवढी खोली असते हे तिनं कधी मनात आणलंच नव्हतं. औषधाचं कपाट रिकामं, दार उघडं. भिंतीला टेकून एक बाक. खिडकीतून धरणाचा फुगवटा दिसत होता. पाणी उतरल्यामुळे काठाला मातीच्या पायऱ्या पायऱ्या पडल्या होत्या. कीबोर्डवरच्या अक्षरांवर कागदाचे बारीक चौकोन चिकटवलेले, त्यावर बॉलपेननं मराठी अक्षरं. ‘ळ’चा कागद झिजून गेला होता.

आरफा खुर्चीत बसली, प्रिंटरला नवं कार्ट्रिज घातलं आणि कामाला लागली. पेशंट एकशे त्रेसष्ट होते. प्रत्येकाच्या नावानं एक कागद: गोळ्यांची नावं, बीपीचे, शुगरचे आकडे, काय सोसत नाही ते, आणि खाली शेरे. पहिला कागद निघाला तो तिनं सोनीबाईच्या हातात दिला. सोनीबाईनं तो लांब धरून ओठ हलवत वाचला आणि मान हलवली.

“ह्ये नका छापू.”

आरफानं विचारलं, का? तर त्या शेऱ्यात लिहिलं होतं की सून गोळ्या घेते हे घरी ठाऊक नाही. “कागद घरी जाणार,” सोनीबाई म्हणाली. “सासू वाचून घेईल कुणाकडून तरी. म्या ते दवाखान्यापुरतं लिवलं व्हतं.”

हे आरफाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याचं दुखणं त्याच्या हातात, असं ती पीयूषला ऐटीत सांगून आली होती. मग दोघींनी एकेक नाव घेऊन बसायचं ठरवलं. आरफा शेरा वाचायची, सोनीबाई डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, ऱ्हाऊ द्या, किंवा काढा. कुणाच्या दारूचं काढलं. कुणाचं पोर पडल्याचं काढलं. लाल गोळीनं पुरळ येतं, ते मोठ्या अक्षरात करायला सांगितलं. एकशे त्रेसष्ट माणसांची घरं, नाती, भांडणं त्या बाईच्या डोक्यात होती, एकही चुकलं नाही. वीस-बावीस नावांवर ती नुसतं “गेला” किंवा “गेली” म्हणाली. त्यांचेही कागद काढा म्हणाली, घरच्यांना देईन. त्यातल्या एका नावाशी ती जास्त वेळ थांबली. आडनाव सोनीबाईचंच होतं. तो कागद सोनीबाईनं बाकीच्या गठ्ठ्यात न ठेवता घडी घालून कमरेला खोचला.

साडेबाराला लाइट गेली. दोघी बाहेर पायरीवर बसल्या. सोनीबाईनं डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण. जेवता जेवता आरफानं मनातला प्रश्न विचारला. गोळ्या नाहीत, कुणी पगार देत नाही, मग दोन गुरुवार का येत राहिलात?

सोनीबाईनं काटा काढून पानावर ठेवला.

“पयल्या गुरुवारी म्या कुलूप बघाया आले व्हते,” ती म्हणाली. “लंकाबाई पलीकडून व्हडीनं येऊन हितं बसलेली. केंद्र बंद झालं म्हनले. ती म्हनली, बरं, पन माजं बघ तरी. आता पट्टा हाय, हात हाय, नाय कसं म्हनू? बघितलं. मंग ती म्हनली, लिव. लिवलं नाय तर बघितल्यासारकं वाटत नाय तिला.” ती पुढं म्हणाली, “आन मला वाटलं, सकाळी तुमी बघत असाल तिकडून. नोंद दिसली म्हंजे तुमाला कळंल की सोनीबाई हाय.”

आरफा भाकरीचा तुकडा हातात धरून बसली. गेल्या गुरुवारच्या नोंदी तिच्याकडे आल्या होत्या. सोमवारच्या नकलेत त्या होत्याच. आकडा जुळला म्हणून तिनं त्या उघडूनही पाहिल्या नव्हत्या. हे सोनीबाईला सांगावं की नाही ते तिला कळेना.

“मी बघितलंच नाही, मावशी,” ती शेवटी म्हणाली. “नुसतं मोजलं.”

सोनीबाईनं तिच्या पानात आणखी कालवण वाढलं. “लई काम आसंल,” ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठंही टोचणी नव्हती आणि त्यामुळेच आरफाला ते जड गेलं.

दोन वाजता लाइट आली. उरलेले कागद निघायला तीन वाजले. सोनीबाईनं गावाप्रमाणे, वाडीप्रमाणे गठ्ठे लावले, वर सुतळी बांधली. धरणापलीकडच्या वाड्यांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मग आरफानं काळी खिडकी उघडली आणि पुसण्याचा हुकूम टाइप केला. बटण दाबण्याआधी तिनं सोनीबाईकडे पाहिलं. सोनीबाई कोपऱ्यातली केरसुणी घेऊन खोली झाडायला लागली होती. आरफानं बटण दाबलं. पडद्यावर टक्के मोजणारा आकडा सुरू झाला. एक. दोन. खूप वेळ दोनच.

ते चालू असताना तिनं पीयूषनं दिलेली सामानाची यादी पुरी केली. खुर्च्या दोन, बाक एक, कपाट एक, मॉनिटर, प्रिंटर. बीपीचं यंत्र एक. पट्टा एका बाजूनं उसवला होता, सोनीबाईनं तो शिवून घेतलेला. आरफानं त्यापुढे ‘निकामी’ असं लिहिलं आणि यंत्र उचलून सोनीबाईच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. अकरा वर्षांच्या नोकरीत यादीत खोटं लिहायची ही पहिलीच वेळ. सोनीबाईनं बघितलं आणि ती केर भरून बाहेर टाकून आली.

पावणेपाचला आकडा शंभरावर गेला. मशीन आता नवं झालं होतं, म्हणजे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आरफानं ते बंद केलं, प्लग काढला. सोनीबाईनं कुलूप लावलं आणि दुसरी किल्ली तिच्या हातात दिली. घोडेगावकडे जाणारा एक मोटारसायकलवाला सोनीबाईनं थांबवला, पावण्यांना नीट ने म्हणून बजावलं. आरफा घरी पोचली तेव्हा आमिना दारातच उभी होती.

पुढं काय झालं ते सांगायचं तर फार काही झालं नाही. सोमवारी शाळेची गाडी येऊन मशीन घेऊन गेली. सोनीबाईनं कागद वाटायला तीन आठवडे घेतले. पायी, होडीनं, कुणाच्या लग्नात भेटेल तिथं. सगळेच कागद कामाला आले असं नाही. एका घरात तो चुलीत गेला, एका घरात कौलातून गळून भिजला. काहींनी कागद घेतला आणि दवाखान्याचं तोंडच पाहिलं नाही. पण मे महिन्यात आरफाला घोडेगावच्या एका डॉक्टरचा फोन आला. कागदाच्या तळाशी तिनं आपला नंबर छापला होता. लंकाबाई नावाची पेशंट समोर बसलीय, लाल गोळी देऊ नका असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते कुणाचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आरफा म्हणाली, ज्या बाईनं लिहिलंय तिनं पुरळ स्वतः बघितलंय, विश्वास ठेवा. डॉक्टरांनी गोळी बदलली.

जूनमध्ये आरफाचं काँट्रॅक्ट संपलं. पीयूषनं तिला पुढच्या कामासाठी चार चांगल्या ओळी लिहून दिल्या, आणि त्या ओळींवर तिला पुण्याच्या एका फर्मचं घरबसल्या काम मिळालं. पुन्हा तेच, परक्या मशीनमध्ये शिरून परक्यांची अडचण सोडवायची. फरक इतकाच की आता ती काम झाल्यावर दोन मिनिटं थांबून शेवटच्या काही नोंदी उघडून वाचायची. त्यानं काम लांबायचं आणि एकदोनदा वरून विचारणाही झाली.

सोनीबाई आता धरणावर मासळी गोळा करायच्या शेडमध्ये जात होती. गुरुवारी सकाळी दोन तास ती सुट्टी घ्यायची.

ऑगस्टमध्ये डोळे दाखवायला ती जुन्नरला आली. डॉक्टरांकडून निघाल्यावर विचारत विचारत आरफाच्या घरी पोचली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मासा. आमिनानं तो कापून रस्सा केला, भात टाकला. तिघी जेवल्या. बोलणं फारसं झालं नाही. सोनीबाईनं सांगितलं की डोळ्यात मोतीबिंदू आहे, दिवाळीनंतर काढू म्हणाले. आरफानं विचारलं, सोबत कोण असेल? बघू, असं सोनीबाई म्हणाली. मी येईन, असं आरफा म्हणाली. झालं, एवढंच.

जेवणानंतर आमिनानं चटई टाकली. परतीची गाडी चारला होती. सोनीबाई जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. आरफा तिच्याशेजारी बसली होती; पुढ्यात लॅपटॉप उघडा होता. मग तिनं तो मिटला, मानेखाली उशी ओढली आणि तीही झोपली. आमिना भांडी आवाज न करता उचलून आत घेऊन गेली आणि साडेतीनला उठवायचं म्हणून घड्याळाकडे बघत उंबऱ्यात बसून राहिली.